प्र.च्या वजनाचं लोखंड

१२ जून
दिवस कलला तरी अंगणातला पाइप तापलेलाच. कमरेला वीस किलोचं लोखंड बांधून चार पुलअप. चौथ्याला हनुवटी पाइपाच्या वर गेली की नुसती टेकली, पाहायला कोणी नव्हतं. गेली असं मी धरलं. प्र. असती तर धरू दिलं नसतं.

तिला सिंगरौलीला रुजू होऊन तीन महिने होत आले. सरकारी दवाखान्यात सिस्टर. म्हणायला हाच मध्य प्रदेश, पण आमचं पांढुर्णा या टोकाला आणि ते त्या टोकाला. आमच्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं, त्यातली तिची अर्धी परीक्षांच्या अभ्यासात गेली. नोकरी लागली तेव्हा पेढे मीच वाटले.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी अंगणात लटकलेलो असताना ती मागून आली आणि गळ्यात हात घालून लोंबकळली. अर्धा वर गेलो. तिला हसू फुटलं, मग मला, आणि दोघंही खाली मातीत. "पूरं वर न्या, मग मानीन," म्हणाली.

आता पांढुर्णा जिल्हा झालं आहे. दवाखान्यात सिस्टरच्या जागा निघणार असं जो तो म्हणतो. निघाल्या की बदली मागायची, हे आमचं ठरलेलं. तोवर मी तयार राहायचं. तिचं वजन अठ्ठेचाळीस. मीच केलेलं, मी ट्रक तोलायला बसतो त्या धरमकाट्यावर, संत्र्याचे क्रेट मोजतो त्या छोट्या काट्यावर उभं करून. लाजून नुसती लाल झाली होती.

१९ जून
धरमकाट्याच्या सेठला सांगून टाकलं. काटा बरोबर चालतो का हे तपासायला ठेवलेली वीस-वीस किलोची वजनं कोपऱ्यात पडून असतात, त्यातलं एक मी घरी नेलं होतं. आज दुसरंही मागितलं. सेठ चष्म्यावरून बघत राहिले.
"जिम खोलून राहिला का रे मंगेश?"
"नाई सेठ. घरीच."
"तपासणीवाले आले तं?"
"त्या दिवशी घेऊन येतो."
बरं म्हणाले. वर, "पाठ मोडून घेऊ नको, मंग इथी कोण बसंल?" माणूस चांगला आहे, फक्त माया दाखवायची झाली तरी काट्याचंच नाव काढतो.

२३ जून
दोरीने कंबर सोलून निघाली. खाटेची जुनी नवार काढून दुहेरी पट्टा शिवला, पुढे आकडा लावला. मस्त बसतो. आई दोन दिवस नवार शोधत होती. आज पट्टा बघून म्हणाली, "खाट उघडी पडली न तू झुलून राहिला." मग स्वतःच टाके परत घट्ट घालून दिले. माझे सैल होते म्हणे.

१८ जुलै
पाइप ओला, हात सटकतात. चुलीतली राख तळव्याला चोळली की पकड बसते. वीस अधिक पाच. तीन झाले.

प्र.चा फोन. ड्यूटीवरून नुकतीच सुटलेली. वॉर्डातल्या एका म्हातारीबद्दल सांगत होती आणि सांगता सांगता अख्खी हिंदीत गेली. तिच्याच लक्षात आलं, म्हणाली, "पाहा न, दिवसभर तेच बोलून राहिली तं तोंडात तेच येते." हसली. मीही हसलो, पण फोन ठेवल्यावर बेचैन झालो. भांडायची झाली तरी ती मोहगावच्या बोलीत भांडायची, तिच्या माहेरच्या. ते भांडण हवंहवंसं वाटलं.

८ ऑगस्ट
काही नाही. पाठ भरून आलेली. आठवण फार.

३ सप्टेंबर
गोटमार, पांढुर्ण्याची दगडफेकीची जत्रा. बाजार बंद, काटा बंद, आईने आमच्या तिगावच्या बाहेर पाऊल टाकू दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी प्र. शिकाऊ म्हणून पांढुर्ण्याच्या मलमपट्टीच्या मांडवात होती. घरी आली तेव्हा ओढणीवर लोकांचं रक्त, आणि मला विचारत होती, "तुमी तं नव्हते न गेले?" नव्हतो. तरी माझं डोकं तिने दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं.
आज ते डोकं पाइपाच्या वर पाच वेळा गेलं. वीस अधिक पाच.

१३ ऑक्टोबर
काल नागपूरला जाऊन आलो, दसऱ्याला दरवर्षी जातो तसा. लग्नाआधी बाबासोबत, बाबा गेल्यावर आईसोबत, मग आम्ही तिघं. औंदा आईचे गुडघे आणि प्र.ची ड्यूटी, म्हणून एकटा. गर्दीत सवयीने हात मागे जात होता, कोणी धरेल म्हणून. एका बाईने रागाने पाहिलं. माफी मागितली.

तिच्यासाठी पांढरी साडी घेतली. कधी नेसेल कोण जाणे.

परतीच्या गाडीत गजू भेटला. गजू म्हणजे माझा शाळेपासूनचा सोबती, आता जिनिंगमध्ये कपाशीच्या गाठी बांधतो. एके काळी आम्ही दोघं सैन्याच्या भरतीसाठी धावायचो, बीम मारायचो. पुलअपला तो अजून बीमच म्हणतो. दोघांचंही झालं नाही, त्याने सोडलं आणि मला मात्र खोड लागली. म्हणाला, "अबे, आता कोणती भरती हाय तुही?"
सांगितलं. मग म्हणाला, "तुले सरळ रडताच येत नाई का बे?"

६ नोव्हेंबर
संत्र्याचे ट्रक. आधी रिकामी गाडी, मग भरलेली, मग पावती, पुढची. डोकं वर काढायला फुरसत नाही. दिवाळीतही आकडेच. लटकायला वेळ सापडतो तो अंधार पडायच्या जरा आधी. उजवा कोपर आतून दुखतो आहे. तीस किलो, दोन.

९ नोव्हेंबर
फोनवर कोपराचं बोलून बसलो. झालं. कुठे दुखते, कधी दुखते, मूठ आवळली की दुखते का, बोट कुठे लावलं की दुखते. मग हुकूम, पंधरा दिवस लोखंडाला हात लावायचा नाही, बर्फाने शेकायचं.
"इथी बर्फ कुठला?"
"पानठेल्यावर कोल्ड्रिंकच्या डब्यात राहते न. मागा त्याले. मी सिस्टर म्हणून सांगून राहिली, बायको म्हणून नाई."
"बायको म्हणून काय सांगते?"
"बायको म्हणून म्हणतो का लवकर बरे व्हा."
तिकडे गेल्यापासून पहिल्यांदाच "म्हणतो" म्हणाली, आमच्याकडच्या बाया बोलतात तसं. दिवसभर कानात तेच.

२४ नोव्हेंबर
बर्फ, आराम, सगळं ऐकलं. आज परत वीसवर आलो. हात हलका. चांगली सिस्टर आहे.

२९ डिसेंबर
झालं.

वीस, वीस, पाच, दोन, एक. पट्टा आईने आणखी एका थराने शिवला होता. गजू समोर उभा. लोखंड पायांमध्ये लोंबत होतं, हलू नये म्हणून पोटऱ्यांनी दाबून धरलं. अर्ध्यावर थांबलो, जिथे तेव्हा थांबलो होतो. तिथे थरथरत राहिलो आणि मग वर. हनुवटी नाही, गळा पाइपाला लागला. गजूने टाळी वाजवली नाही, नुसतं "हाव" म्हणाला. आई दारातून म्हणाली, "उतर आता, तोंड काळं-निळं झालं."

ताबडतोब प्र.ला फोन. मी एका दमात सांगितलं. मग "बरं झालं," म्हणाली, खरंच आनंदाने म्हणाली. आणि मग, "मलेही सांगायचं होतं. मले क्वार्टर भेटलं. दोन खोल्या हायेत. न वॉर्डची इन्चार्ज करून राहिले मले."
अभिनंदन म्हणालो. जागा निघाल्या का, असं विचारलं.
"निघाल्या. मार्च संपायच्या आत लिहून द्यायचं हाय, बदली पाह्यजे का नाई ते."
"मंग?"
"मी येऊन राहिली न जानेवारीत. तवा बोलू."

३० डिसेंबर
क्वार्टर. बदली पाहिजे का नाही, हा प्रश्न कुठून आला? ते तर ठरलेलं होतं.

दिवसभर एका पावतीवर भरलेल्या गाडीच्या जागी रिकाम्या गाडीचा आकडा टाकला, दुसरीवर उलटं. ड्रायव्हर ओरडला. सेठनी चहा मागवला.

१६ जानेवारी
आली. वाळली आहे. आईने तांदळाच्या भाकरी, वांग्याचं भरीत, सगळं एकाच जेवणात उरकलं. साडी दिली. अंगावर धरून आरशात पाहत राहिली, मग घडी घालून बॅगेत ठेवली. इथल्या कपाटात नाही, बॅगेत. मी पाहिलं.

तिचा आवाज फोनशिवाय ऐकायला मिळाला, तेवढ्यानेच घर भरून गेलं. बाकी काही विचारायची हिंमत झाली नाही.

१८ जानेवारी
आज संध्याकाळी अंगणात. मीच म्हणालो, चल. ती म्हणाली, "माहं वजन दोन किलो कमी झालं हाय, तुमाले सोपंच जाईन." चप्पल काढली, मागून गळ्यात हात घातले, पाय माझ्या कमरेला आवळले. तिच्या केसांना दवाखान्याचा वास. राख चोळलेली, कोपर ठीक, झोप चांगली झालेली. काही कमी नव्हतं.

अर्ध्यापर्यंतही गेलो नाही. तेव्हा झटका मारून तरी अर्धा गेलो होतो.

पुन्हा केलं. ती मागे ओढते, मी पुढे झुकतो, पाइप छातीपासून दूर जातो. हात सरळच, वाकत नाहीत. तिचे हात गळ्यावर, श्वास अडतो. तिसऱ्यांदा केलं तेव्हा ती हसत नव्हती. "राहू द्या न," म्हणाली आणि अलगद उतरली.

गजू बांधावर बसून पाहत होता. नंतर म्हणाला, "काट्यावर बसून बसून येडा झाला तू. ट्रकमंधी माल पूरा मांगं भरला तं पुढचे चाकं उचलतात, रोज पाहतो न? आकडा तं तेवढाच येते."
खरं आहे. इतके महिने लोखंड दोन पायांमध्ये बांधलं, सरळ खाली. ते बिचारं जिथं टांगलं तिथंच राहायचं. अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस, मग लोखंड असो की प्र., असं धरून चाललो होतो. काट्यावर माल कुठे ठेवला आहे हे कोणी लिहीत नाही. असली चूक काटेवालाच करू जाणे.

१९ जानेवारी
बोललो. संत्र्याच्या बागेत, म्हणजे आमच्या त्या चार रांगांत.

मी म्हणालो, लिहून दे, ये. ती म्हणाली, देईन. मग म्हणाली, "एक विचारू? रागवू नका." आणि विचारलं, "तुमी काहून येत नाई तिकडं?"
मला कळलंच नाही आधी.
"कोयशाच्या खाणीचे ट्रक रात्रंदिवस चालतात तिकडं. पावलापावलावर काटे हायेत. तुमाले काम भेटते. मी विचारून पाह्यलं."
म्हणजे विचारूनही झालं होतं. मला राग आला. म्हणालो, आई? बाग? सेठ? मी काय सांगून टाकायचं सगळ्यांना?
"मीही सांगूनच गेली न," म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमी फोनवर दर वेळी इचारलं, कधी येशील. तुमी यावं हे तुमच्या मनातच नाई आलं. मी वाट पाहत होती का कधी तं म्हणतील."
मी पानं खुडत होतो. ती म्हणाली, "पानं नका तोडू."
पुढे म्हणाली, तिथे वॉर्डात लोक तिच्या शब्दावर उठतात-बसतात. मोठ्या सिस्टर तिला विचारून औषध देतात. इकडे आली तर परत सगळ्यांत नवी, शेवटच्या पाटावर. "पण तुमी म्हणाल तं येईन. खरंच येईन. फक्त तुमी एकदा दुसरंही मनात आणून पाहा."
येईन म्हणाली यानेच जास्त लागलं.

२१ जानेवारी
पांढुर्णा स्टेशन. गाडी उशिरा, तेवढं बरं. बाकावर तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीवर तिचा हात, त्यावर माझा. लोक होते म्हणून काढून घेतला. गाडी आली तेव्हा म्हणाली, "सांगजा." काय ते नाही म्हणाली. मीही नाही विचारलं.

पाठ दुखते. वरून नाही, आतून.

२ फेब्रुवारी
जिनिंगमधून गजूने सरकीचं पोतं आणून दिलं. मोजून भरलं, नवारीने पाठीला आवळलं, वर खांद्यांवरून पट्टे. आता ओझं तिच्या जागी आहे. बारा किलोवर सुद्धा बाळासारखा लटकलो. पहिल्यापासून शिकायचं. छाती आधी वर न्यायची, खांदे खाली दाबायचे, पाय किंचित पुढे.
गजू म्हणाला, "आता बराबर हाय. फक्त पोतं कानात बोलत नाई."

१५ फेब्रुवारी
पोतं वीस. दोन झाले. मृग बहाराची संत्री सुरू झाली, ट्रक वाढले.
प्र.शी रोज बोलतो. जेवली का, झोपली का, वॉर्डात कसं आहे. त्या गोष्टीचं नाव दोघंही काढत नाही. ती वाट पाहते आहे हे तिच्या श्वासातही ऐकू येतं. मला तिच्याजवळ बसायचं आहे. काही करायचं नाही, नुसतं ती भात चिवडत बोलते ते ऐकत बसायचं आहे. मग अडतं कुठे? लिहून पाहिलं, आई. बाग. सेठ. आणि चौथं, बायकोच्या क्वार्टरात राहायला गेला म्हणून गावात काय म्हणतील. चौथं खोडलं. परत लिहिलं. तेच खरं मोठं आहे.

२ मार्च
पोतं तीस, एक. वर जाऊन थांबलो. तिथून तिगावहून जाणारी रेल्वेगाडी दिसते.

९ मार्च
आईने विचारलं, "मार्च लागला. काय लिहून देऊन राहिली ते?"
तिला कसं माहीत? तर प्र. तिच्याशीही रोज बोलते.
मी म्हणालो, "आई, मी गेलो तं तुहं कसं होईन? ते ये म्हणते, पण तुले टाकून मी कसा जाऊ?"
आई तूर पाखडत होती. सूप थांबवलं नाही. "दोघं नवरा-बायको माह्या नावानं भांडून राहिले," म्हणाली. "मले कोणी इचारलं का?"
"काय इचारायचं?"
"तेच. मी राहतो का येतो, का दोन महिने इथी न दोन महिने तिथी. बाग गजूची बायको पाहते म्हणते, मी तिले इचारलं. तू तं तेही नाई इचारलं." मग सुपातले खडे वेचत, "माहं नाव सांगून बसला हाय घरी. लोकाईले भेते न नाव माहं घेते."
उठून पाइपाकडे गेलो, लटकलो, एकही निघाला नाही. नुसता लटकून राहिलो, हात सुटेपर्यंत.

११ मार्च
सेठला सुट्टी मागितली.
"किती दिवस?"
"नाई मालूम."
"कुठी?"
"सिंगरौली."
सेठ पावत्यांचा गठ्ठा ठाकठीक करत बसले. मग म्हणाले, "तिकडचे काटे मोठे राह्यतात म्हणते. साठ-साठ टनाचे." आणि गल्ल्याशेजारी बसवून मला स्वतःच्या ताटातली पोळी दिली. मला वाटलं होतं ओरडतील.

१४ मार्च
तिकीट काढलं. इटारसीला बदलायची, पुढे कटनीला. खिडकीवरच्या माणसाने परतीचं विचारलं. मागे रांग होती, मी खिशातले पैसे मोजत राहिलो. तो म्हणाला, परत यायचं नाही का? म्हणालो, यायचं आहे. कधी? तेही सांगता आलं नाही.
एकाच बाजूचं दिलं.

प्र.ला अजून सांगितलं नाही. आज तिची ड्यूटी आहे, सुटल्यावर ती फोन करील आणि जेवले का विचारील. तेव्हा सांगावं की सरळ जाऊन दारात उभं राहावं, हे ठरत नाहीये. पुढे मी तिथे राहिलो की तिला घेऊन आलो, हेही नाही ठरत. फक्त ती दार उघडेल तेव्हा तिचा चेहरा कसा होईल ते मला पाहायचं आहे, आणि ते पाहिल्याशिवाय कशालाच हो म्हणता येणार नाही.